उंच उडी धरलीस, तर एवढं ऐक

लेका, काल परभणीच्या मैदानावर तुझी उडी पाहिली. पायात ताकद आहे, पण घाई फार. वाळूच्या खड्ड्यात पाठीवर पडायचा नाद आधी सोड, मानेला लागलं तर सगळंच संपेल. अमेरिकेच्या फॉस्बरीनं १९६८ च्या ऑलिंपिकमध्ये पाठीवरून बार ओलांडून सुवर्ण नेलं, तेव्हा त्याच्याखाली मऊ मॅट होती. मॅट मिळेपर्यंत कात्री उडीच मार, म्हणजे एकेक पाय बारवरून नेऊन पायांवर उतरायचं.

खरं काम रनअपमध्ये, म्हणजे उडीआधीच्या धावेत आहे. सुरुवात सरळ, शेवटची चार-पाच पावलं वळणावर, अंग आत झुकलेलं. पावलं टेपनं मोजून खूण करत जा. मी अंदाजानं धावायचो. पावसाळ्यात काळ्या मातीत घोटा मुरगळला आणि अख्खा हंगाम गेला.

स्पर्धेत सुरुवातीची उंची बेतानं निवड. सलग तीनदा चुकलास की बाहेर. आणि हो, वजन घटवायला उपाशी राहायचं खूळ नको, भाकरी-पिठलं नीट खा. संभाजीनगरला साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं केंद्र आहे, तिथल्या निवड चाचणीची चौकशी कर. नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे २०२५ मध्ये टोकियोच्या जागतिक स्पर्धेत २.२८ मीटर गेला, तेव्हा तीस वर्षांचा होता. तू तर अजून दहावीत.