गाडीच्या रेडिएटरच्या दोन इलेक्ट्रिक फॅनसाठी थर्मो स्विच (पाणी तापलं की फॅन चालू करणारा स्विच) किती डिग्रीचा घ्यावा?

थर्मोस्टॅट (इंजिनातलं पाणी तापल्यावरच रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) ८२ डिग्रीचा आहे, तर फॅनचा स्विचही ८२ चाच घेऊ का, असं तुम्ही विचारलंय. नका घेऊ. ८२ ला थर्मोस्टॅट नुकता उघडायला लागतो, पूर्ण उघडायला आणखी दहा-बारा डिग्री लागतात.

स्विचवर ९५-९० असे दोन आकडे असतात. पहिल्यावर फॅन लागतो, दुसऱ्यावर बंद होतो. विकत घेताना सगळे पहिलाच बघतात, पण घोळ होतो तो दुसऱ्यामुळे. स्विच इंजिनाच्या हेडवर किंवा थर्मोस्टॅट हाउसिंगवर असेल आणि बंद व्हायचा आकडा ७७ असेल, तर फॅन थांबणारच नाही. थर्मोस्टॅट पाणी तितकं गार होऊच देत नाही. तिथे ९५-९० बसवा. स्विच रेडिएटरच्या खालच्या होजकडे असेल तर त्याला आधीच गार झालेलं पाणी लागतं, इंजिन त्याहून बरंच गरम असतं. तिथे ८८-८३ च्या आसपासचा घ्या. दोन आकड्यांत चार-पाच डिग्रीपेक्षा कमी फरक नको, नाहीतर फॅन सारखा चालू-बंद होत राहील.

फॅनचा करंट स्विचमधून नेऊ नका. एकेक फॅन दहा-पंधरा अँपिअर सहज खातो, सुरू होताना तर कितीतरी जास्त. स्विचचे पॉइंट जळतात किंवा चिकटतात. प्रत्येक फॅनला वेगळा रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट जोडणारा स्विच) आणि वेगळा फ्यूज द्या. रिलेच्या पिनांवर नंबर असतात: बॅटरीची वायर फ्यूजमधून ३० ला, ८७ फॅनला, ८६ इग्निशनला. दोन्ही रिलेंचे ८५ एकत्र करून स्विचला. एकच स्विच दोन्ही रिलेंच्या कॉइल आरामात ओढतो.

एका पिनचा स्विच बॉडीतून अर्थ घेतो. रेडिएटरची टाकी प्लास्टिकची असेल तर अर्थ मिळणारच नाही. दोन पिनचाच घ्या आणि दुसरी पिन चासीला जोडा. एका पिनच्या स्विचवर टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळली तरी हाच त्रास होतो. आटे आधी मोजा: एम२२ × १.५, एम१४ × १.५ आणि ३/८ एनपीटी (अमेरिकन पाइपचे आटे) हे नेहमी दिसतात. एनपीटीचे आटे निमुळते असतात, त्याला वॉशर लागत नाही. बाकीच्यांना तांब्याचा वॉशर लावा.

बसवण्याआधी स्विच तारेने पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर, पिनांना बीपवर (कंटिन्युइटीवर) ठेवलेला मल्टिमीटर. हळूहळू तापवा आणि बीप कधी येतो ते बघा, मग गार होताना कधी थांबतो तेही. १०० च्या वरचा स्विच साध्या पाण्यात तपासता येत नाही.

बसवल्यावर सिस्टीममधली हवा नीट काढा. स्विचच्या टोकाशी हवा अडकली तर इंजिन तापतं आणि फॅन मात्र गप्प. तसं झालं तर इग्निशन चालू ठेवून रिलेच्या ८५ कडून स्विचला आलेली वायर काढा आणि चासीला टेकवा. फॅन फिरले तर वायरिंग ठीक आहे, दोष स्विचमध्ये, त्याच्या अर्थमध्ये किंवा हवेत. हे करताना हात पात्यांपासून लांब ठेवा.