फुफ्फुसाच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनआधी पाठीत मॉर्फिन: रात्री श्वास कोण मोजणार, ते विचारा

तुम्ही विचारलंय: वडिलांचं नागपुरात दुर्बिणीतून फुफ्फुसाचं ऑपरेशन आहे, पाठीत मॉर्फिन (अफूपासूनचं जोरदार वेदनाशामक) दिलं तर पाय लुळे पडतील का, सवय लागेल का? दोन्ही नाही. नुसत्या मॉर्फिनने पाय सुन्न होत नाहीत, आणि एका डोसाने व्यसन लागत नाही. भूलतज्ज्ञ म्हणून मला काळजी असते ती त्या रात्रीची.

पूर्ण भूल देण्याआधी कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यामधून २५ किंवा २७ नंबरच्या सुईने हे देतात. डोस साधारण १०० ते ३०० मायक्रोग्रॅम. वय जास्त असेल तर मी कमीच ठेवतो. औषध प्रिझर्वेटिव्ह (टिकवण्यासाठी घातलेलं रसायन) नसलेलंच हवं. अँप्युलमध्ये (औषधाच्या छोट्या काचेच्या कुपीत) १० किंवा १५ मिलिग्रॅम, म्हणजे १०,००० किंवा १५,००० मायक्रोग्रॅम असतं, म्हणजे लागतं त्याच्या कितीतरी पट. पातळ करताना एक शून्य चुकलं की दहापट डोस जातो, म्हणून दोघांनी तपासून भरायचं.

मॉर्फिन मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यातून हळूहळू वर सरकतं, म्हणून कमरेत देऊन छातीचं दुखणं थांबतं. असर तासाभराने सुरू होतो, १८ ते २४ तास टिकतो. पण त्याच संथपणामुळे श्वास मंदावलाच तर उशिरा, बहुधा सहा ते बारा तासांनी मंदावतो. पहिले १२ तास दर तासाला, पुढचे १२ तास दर दोन तासांनी, पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. सॅच्युरेशनवर, म्हणजे बोटाला लावलेल्या यंत्रातल्या ऑक्सिजनच्या आकड्यावर, विसंबू नका. ऑक्सिजन चालू असताना आकडा ९८ राहतो आणि पेशंट गुंगीत जात असतो. श्वास १० च्या खाली गेला किंवा हाकेला डोळे उघडत नसतील, तर ताबडतोब डॉक्टरांना बोलवा. नालोक्सोन, म्हणजे मॉर्फिनवरचा उतारा, खाटेशेजारीच हवं. त्या रात्री झोपेची गोळी नको.

वडील खर्रा खात असतील आणि तोंड कमी उघडत असेल, तर ते लपवू नका. या ऑपरेशनला श्वासनलिकेत दोन पोकळ्यांची जाड नळी घालावी लागते, आणि रात्री श्वास अडलाच तर पुन्हा नळी घालणं अवघड जातं. घोरणं आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्याही सांगा. त्यातली क्लोपिडोग्रेल साधारण ५ ते ७ दिवस आधी थांबवतात, पण हृदयाच्या डॉक्टरांना विचारूनच.

नाकाला खाज, मळमळ, लघवी अडकणं हे होऊ शकतं. खांदा मात्र दुखत राहील, तिथे मॉर्फिन फारसं चालत नाही. पॅरासिटामॉल वेळच्या वेळी घ्यायचं.

रात्री आयसीयू किंवा एचडीयूची (आयसीयूच्या खालोखाल लक्ष ठेवणाऱ्या कक्षाची) खाट मिळणार नसेल, तर मॉर्फिनऐवजी पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक (मणक्याशेजारी छातीच्या नसांना बधिर करणारं इंजेक्शन) मागा.