गाडी चालवताना मोबाइलवर बोलताना पकडलं तर महाराष्ट्रात किती दंड होतो?

मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ लागतं. २०१९च्या दुरुस्तीपासून चालवताना हातात फोन वापरणं 'धोकादायक वाहन चालवणं' या व्याख्येतच आलं आहे. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. तीन वर्षांच्या आत पुन्हा सापडलात तर १०,००० रुपये किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कोर्टात न जाता जागेवरच दंड भरून प्रकरण मिटवायचं (कायद्याच्या भाषेत 'तडजोड') तर ती रक्कम राज्य ठरवतं. महाराष्ट्रात डिसेंबर २०२१पासून दुचाकीला १,०००, चारचाकीला २,००० रुपये.

लोक फक्त दंड बघतात, पण खरा फटका परवान्याला बसतो. कलम २०६ खाली पोलीस लायसन्स जप्त करून आरटीओकडे पाठवू शकतात आणि ते निलंबित होऊ शकतं. रोजीरोटी गाडीवर असेल तर हे दंडापेक्षा कितीतरी महाग पडतं.

फोनवर नकाशा बघायला २०२०च्या नियमाने मुभा आहे, पण फक्त रस्ता शोधण्यापुरती आणि लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. म्हणून होल्डर लावा, पत्ता निघण्याआधीच टाका. सिग्नलला थांबून मेसेज टाइप करणंही टाळा. गाडी थांबली तरी तुम्ही रहदारीतच असता.