पावसाळ्यात क्रिकेटवाल्याने फुटबॉल खेळावा का?

प्रश्न: माझा मुलगा सातवीत आहे, फास्ट बॉलिंग टाकतो. जून लागला की नेट बंद होते आणि ही सगळी पोरं मैदानातल्या चिखलात फुटबॉल खेळत बसतात. मला वाटतं त्याने बॉलिंग बिघडेल, पाय मुरगळला तर वेगळंच. तर तो मोबाईलवर ऑस्ट्रेलियाचा तो हाताने पण बॉल पकडायचा फुटबॉल दाखवतो आणि म्हणतो, आई, हा क्रिकेटवाल्यानेच सुरू केलाय! खरंय का हे?
— एक आई, नौपाडा, ठाणे

उत्तर: ताई, पोरगं बरोबर बोलतंय. एकट्याने नाही केलं, पण सुरुवात करणाऱ्यांत सगळ्यात पुढे टॉम विल्स होता आणि तोही बॉलरच. जन्म १८३५चा, ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्समधला. लहानपणी व्हिक्टोरियात तिथल्या मूळ रहिवाशांच्या पोरांत खेळला, त्यांची भाषा बोलायचा. मग वडिलांनी इंग्लंडला रग्बी स्कूलमध्ये पाठवलं, तिथे क्रिकेटचा कॅप्टन झाला आणि १८५६च्या शेवटी परत आला.

आता तुमच्या प्रश्नाचं. त्यांच्याकडे क्रिकेट उन्हाळ्यात, थंडीत (तिकडे थंडी जून ते ऑगस्ट) बंद, म्हणजे आपल्या पावसाळ्यासारखंच. जुलै १८५८मध्ये विल्सने पेपरात पत्र लिहिलं की थंडीत क्रिकेटरांचं अंग आखडतं, तर एक फुटबॉल क्लब काढा, ते जमत नसेल तर निदान रायफल क्लब तरी काढा. पुढच्याच महिन्यात दोन शाळांची मॅच झाली, एकेका बाजूला ४० पोरं, पंच विल्स आणि डॉक्टर मॅकॅडम. दोघांचा एकेक गोल झाला, मग पुढचे दोन शनिवार खेळले तरी निकाल लागला नाही! मे १८५९मध्ये विल्स आणि मेलबर्न फुटबॉल क्लबच्या मंडळींनी मिळून या खेळाचे दहा नियम लिहिले. रग्बी स्कूलच्या फुटबॉलमध्ये नडगीवर लाथ मारलेली चालायची, ती इथे बंद केली.

पुढचं आयुष्य वाचताना मला फार वाईट वाटतं. ऑक्टोबर १८६१मध्ये क्वीन्सलँडला मूळ रहिवाशांनी केलेल्या हल्ल्यात त्याचे वडील धरून १९ जण मारले गेले, हा सामान आणायला गेला होता म्हणून वाचला, आणि त्याच्या बदल्यात गोऱ्यांनी कित्येक मूळ रहिवाशांना मारलं. एवढं होऊनही १८६६मध्ये हाच विल्स मूळ रहिवाशांच्या क्रिकेट टीमचा कोच झाला आणि ती टीम घेऊन मेलबर्नच्या मोठ्या मैदानावर उतरला. ही गोष्ट मला त्याच्या सगळ्या खेळापेक्षा मोठी वाटते. नंतर दारूने त्याला पोखरलं, १८८०मध्ये ४४व्या वर्षी त्याने स्वतःचा जीव घेतला.

मेलबर्नच्या त्याच मैदानाबाहेर आज त्याचा पुतळा आहे आणि त्यात तो शाळेच्या पोरांच्या फुटबॉल मॅचला पंच म्हणून उभा आहे.

तेव्हा ताई, खेळू दे त्याला. फक्त चिखलात साधे कॅनव्हासचे बूट नकोत, स्टडवाले घेऊन द्या, घसरायची भीती बरीच कमी होईल.