डीएनडी (जाहिरातींचे फोन नकोत अशी नोंद) चालू असूनही जाहिरातींचे फोन येतात. कायद्याचा काही उपयोग होतो का?

होतो, मात्र तक्रार करणाऱ्यालाच होतो, नंबर ब्लॉक करून गप्प बसणाऱ्याला नाही.

मी नाशिकला घरून पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे अनोळखी नंबर उचलणे मला भागच असते. २०२४च्या होळीच्या आदल्या दिवशी हात कणकेने माखलेले असताना फोन वाजला, म्हणून घाईने हात पुसून उचलला, तर ‘समृद्धीलगत एनए प्लॉट’. तासाभरात तोच मजकूर दुसऱ्या नंबरावरून आला. वेलदोडे सोलत बसलेले माझे थोरले दीर म्हणाले, “ब्लॉक कर आणि मोकळी हो.” वैतागून मी पुढचा अनोळखी फोन न ऐकताच ब्लॉक केला. तो एका नव्या गिऱ्हाइकाचा होता आणि त्यांना ६० पोळ्या हव्या होत्या, हे संध्याकाळी त्यांच्या शेजारणीकडून कळले. सणाची धांदल उरकून पाचव्या दिवशी तक्रार केली, तर ३ दिवसांची मुदत टळल्याचे उत्तर आले.

ही मुदत आता ७ दिवसांची आहे. दूरसंचार नियामक ट्रायने नकोशा जाहिरातींविषयीच्या २०१८च्या विनियमांत फेब्रुवारी २०२५मध्ये दुरुस्ती केली, तेव्हापासून साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरात करणाऱ्या, नोंदणी नसलेल्या माणसाविरुद्ध डीएनडी नसतानाही तक्रार चालते आणि दूरसंचार कंपनीला ५ दिवसांत कारवाई करावी लागते. १० दिवसांत ५ ग्राहकांच्या तक्रारी आल्या की कारवाईचा उंबरठा ओलांडला जातो. पूर्वी ७ दिवसांत १० लागत. पहिल्या वेळी त्याचे बाहेर जाणारे फोन १५ दिवस बंद होतात, पुन्हा सापडल्यास सगळ्याच जोडण्या वर्षभर तोडल्या जातात. म्हणजे ब्लॉक करून स्वस्थ बसणारा प्रत्येक जण त्या पाचांतला एक कमी करतो, हे मी भाऊजींना कितीदा तरी सांगितले आहे.

फोनचा आशय, आलेला नंबर आणि तारीख १९०९ला एसएमएसने कळवा किंवा ट्रायच्या डीएनडी अ‍ॅपवर टाका, आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा.

नुकसानभरपाईची आशा मात्र धरू नका. दूरसंचार कंपनीला होणाऱ्या दंडातला रुपयाही आपल्या हाती येत नाही. सेवेतल्या त्रुटीसाठी ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये स्पष्ट केले असले, तरी साठ पोळ्यांसाठी तिथे कोण जाणार? शिवाय एखाद्या दुकानाच्या अर्जावर तुम्हीच संमतीची खूण केली असेल, तर डीएनडी त्याला अडवत नाही. ती संमती आधी मागे घ्यावी लागते. फसवणुकीचा संशय असल्यास १९०९ऐवजी केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावरील ‘चक्षू’वर कळवावे.

गेल्या आठवड्यात भाऊजींनी त्यांना आलेला एक नंबर मला पाठवला आणि खाली लिहिले, “तुझ्या त्या १९०९ला कळव.” ज्याच्या फोनवर जाहिरात येते त्यानेच तक्रार करायची असते, एवढेच मी उत्तर दिले.