रशियात केस शीटवर 'सोपोर' लिहितात, म्हणजे पेशंट झोपलाय की कोमात आहे?

दोन्ही नाही, सोपोर म्हणजे कोमाच्या एक पायरी अलीकडची अवस्था. तिकडच्या न्यूरोच्या पुस्तकात क्रमच असा देतात, ओग्लुशेनिये (म्हणजे गुंगी), मग सोपोर, मग कोमा. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ गाढ झोप (सोपोरिफिक म्हणजे झोप आणणारं ते यातूनच, औषध असो नाहीतर लेक्चर), पण वॉर्डात तो अर्थ डोक्यातून काढा, कारण झोपलेला माणूस हलवलं की जागा होतो आणि जागा राहतो, हा नाही. छातीच्या हाडावर मुठीने जोरात रगडलं तर डोळे उघडेल, तुमचा हात ढकलायला बघेल आणि सोडलं की परत तसाच, "जीभ दाखवा" म्हटलं तर काही नाही. कोमात तर रगडूनही डोळे उघडत नाहीत. ग्लासगो स्केलवर (शुद्ध किती आहे ते 3 ते 15 गुणांत मोजतात ती पट्टी, गुण कमी तितकी शुद्ध कमी) साधारण 9-10 धरतात, पण ही हद्द पुस्तकागणिक थोडी बदलते.

एक घोळ मात्र सांभाळा, आपल्या इंग्लिश पुस्तकांत या अवस्थेला स्टुपर म्हणतात आणि रशियनमधला 'स्तुपोर' सायकिअ‍ॅट्रीचा, त्यात पेशंट जागा असतो पण हलत-बोलत नाही. त्यामुळे एफएमजीईसाठी (परदेशात एमबीबीएस केलेल्यांची भारतातली परीक्षा) वाचताना सोपोरच्या जागी स्टुपर धरा.