गोव्यातील शिबिरात मुलांबरोबर बायबलच्या गोष्टी चित्रांतून आणि गटकामातून कशा घ्याव्यात?

मे महिन्याच्या शिबिरात आठ ते बारा वर्षांची, निरनिराळ्या धर्मांची मुले असतील आणि प्रवचनाचा सूर लागू द्यायचा नसेल, तर बायबलच्या गोष्टी कशा घ्याव्यात, असे तुम्ही विचारले आहे. डिचोली परिसरात मी अशी मराठी शिबिरे घेतो, त्या अनुभवावरून लिहितो.

छापील रेखाचित्रे रंगवायला देऊ नका. पहिल्या वर्षी मी नोहाचे तारू, म्हणजे महापुरातून माणसे व प्राणी वाचवणारी मोठी नौका, तसे दिले, तेव्हा बावीस मुलांनी बावीस तपकिरी होड्या अर्ध्या तासात रंगवून हातावेगळ्या केल्या आणि हत्तीपलीकडे कोणालाच काही आठवेना. दुसऱ्या वर्षी आम्ही तारू मोजले. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याची लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात आणि मजले तीन, असे स्पष्ट दिलेले आहे. हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचे अंतर. सुंभाची दोरी घेऊन जो तो आपल्या हाताने मोजू लागला, तेव्हा नऊ वर्षांच्या एका मुलीचे तारू माझ्या तारवापेक्षा तीसएक मीटरांनी आखूड भरले. माझे तर फुटबॉलच्या मैदानात मावेना. त्याचे नाक रस्ता ओलांडून काजूच्या झाडांत गेले. मग नोहाचा हात केवढा होता, हा प्रश्न मुलांनीच काढला. पुढे तीन गटांनी तीन मजले वाटून घेतले. गवा तळमजल्यावर गेला, धनेश वर, आणि कुंभारजुव्याच्या कालव्यातील मगरीला आत घ्यायचे की पाण्यातच राहू द्यायचे, यावर जेवणाची घंटा होईपर्यंत वाद चालला. चित्रे त्यानंतर काढली, आणि एकही दुसऱ्यासारखे नव्हते.

यावरून मी एक पद्धत धरली आहे: मूळ मजकूर आधी मोठ्याने वाचायचा, त्यात काय सांगितले आहे आणि काय सांगितलेले नाही हे मुलांकडून शोधून घ्यायचे आणि न सांगितलेला भाग चित्रासाठी किंवा नाट्यासाठी द्यायचा. लूकच्या शुभवर्तमानाच्या (बायबलमधील येशूच्या चार चरित्रांपैकी एकाच्या) पंधराव्या अध्यायातील उधळ्या पुत्राची गोष्ट यासाठी उत्तम आहे. वाटणीचा पैसा उधळून परतलेल्या धाकट्याला बाप मेजवानी देतो. थोरला भाऊ रागाने घराबाहेर थांबतो, बाप बाहेर येऊन त्याची समजूत घालतो, आणि गोष्ट तिथेच संपते. तो आत गेला की नाही, हे लूक सांगत नाही. चार चौकटींची चित्रपट्टी करायला सांगून शेवटची चौकट गटावर सोडा. एका गटाने त्या चौकटीत दाराबाहेर काढलेल्या चपला तेवढ्या दाखवल्या होत्या.

६ जानेवारीला रेइश मागुश, चांदोर आणि कासावली येथे बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे फेस्त होते, त्यामुळे ते तिघे गोव्यातील मुलांना परिचयाचे असतात. ही गोष्ट सांगणारे मत्तयचे शुभवर्तमान मात्र त्यांना राजे म्हणत नाही आणि त्यांची संख्याही देत नाही. भेटी तेवढ्या तीन आहेत, सोने, ऊद आणि गंधरस. हे कळल्यावर एका मुलाने अकरा जण काढले, आणि ते अजिबात चूक नव्हते.

पात्रांना कोणते कपडे घालावेत, असे मुले विचारतीलच. त्या वेळी आंजेलो द फोन्सेका (१९०२–१९६७) या गोमंतकीय चित्रकाराची साडीतील मारिया (येशूची आई) दाखवा. पर्वरीच्या झेवियर इतिहास संशोधन केंद्रात त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आहे. जुन्या देवळांच्या भिंतींवरील कावी कलेचा (पांढऱ्या गिलाव्यावरचा गेरूचा थर कोरून केलेल्या चित्रांचा) आभासही स्वस्तात साधतो: पांढऱ्या पुठ्ठ्यावर मेणखडू दाबून घासावा, वर भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातलेला गेरूच्या रंगाचा पोस्टर कलर द्यावा आणि तो पूर्ण वाळल्यावर बोथट खिळ्याने कोरावे. घाईने ओल्यावर कोरले, तर चिखल होतो.

पालकांना कोणत्या गोष्टी घेणार हे आधीच लेखी कळवा, आणि येशूची भूमिका कोणावरही लादू नका. आमच्याकडे ती जागा बहुधा रिकामी खुर्चीच घेते.